बठ्ठं उनं का?

दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात रात्री साडेनऊला
मिरचीचा ठसका अजून हवेत आहे.
मी शिंकते. कीबोर्डच्या फटींतून
लाल भुकटी उडते, परत बसते.

जुनं यंत्र उद्या भंगारात.
नव्यात सगळं घेतलं, एका ताऱ्यावर:

*

हा तारा लोटन भदाण्यांनी शिकवलेला.
"हाई चूलबंद आवतन शे," ते म्हणायचे,
"बठ्ठं घर येस. धाकलं, मोठं, पाव्हनं."
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी आज फोन आलाच:
"बठ्ठं उनं का?"
"उनं," म्हणाले मी, आणि मग मोजलं.
जुन्यात दोनशे एकोणीस. नव्यात दोनशे बारा.

सात कोण?
यादी काढली तर दिसेनात.
लपलेलेही सांग म्हटलं, तेव्हा
एकेक जण खांबामागून पुढे आला,
कपाळावर गोंदलेला ठिपका.
नाव ठिपक्याने सुरू झालं
की तारा त्या दारावरून तसाच पुढे जातो.
आवतनवाल्याचा दोष नाही, रीतच आहे.
पहिला ठिपका आपल्या तोंडाने म्हणावा लागतो,
पुढचं तारा बघतो.

मग म्हणावं की, ठिपका आणि तारा:

.*

इथे भदाणे माझा हात धरत.
एक ठिपका म्हणजे आपण उभे आहोत ती खोली,
दोन ठिपके म्हणजे वरचं घर,
आणि या आवतनाला दोघंही उठून येतात.
एकदा, यंत्र नवं होतं आणि तेही नवे होते,
ठिपका-तारा म्हणून नुसता कचरा काढायला गेले
आणि वरच्या घरातून दोन हंगामांच्या काटापट्ट्या गेल्या.
आठ दिवस अडत्यांच्या गाद्यांवर फिरत
कागदी पावत्या गोळा केल्या त्यांनी,
डबा सायकलला तसाच.

म्हणून:

.[!.]*

ठिपका, मग ठिपका सोडून कुणीही, मग काहीही.
चौकटीतलं ते उद्गारचिन्ह
लग्नाच्या दारात अडून बसलेल्या मामासारखं:
तू थांब, बाकीचे या.
सहा आले. प्रिंटरची एक जुनी रडकथा,
कुणाच्या तरी सवयी, विसरलेल्या चाव्या.
सातवा नाही.

सातव्याचं नाव होतं

...

तेवढंच. बोलता बोलता माणूस थांबतो तसं.
वरच्या घराचा समजून मामाने त्याला परत पाठवलेलं.
त्याला वेगळी हाक लागते:

..?*

दोन ठिपके, मग एक कुणीतरी नक्की, मग असेल ते.
आला.

आत देठ खुडणाऱ्या बायांची नावं.
रुमाबाई मालचे. वेस्तीबाई भिल. झेलाबाई.
झेलाबाईची सून, एवढंच.
प्रत्येकीपुढे दोन वजनं,
काटा क्रमांक तीनचं, आणि खरं.
फरक पाव किलो, कधी तीनशे ग्रॅम,
रोज, चार हंगाम.
शेवटची ओळ निवृत्तीच्या आदल्या दिवसाची.

फोन लावला. "भाऊ, सातवा सापडला."
तिकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.
मग बराच वेळ
त्या फाइलीचं नावच ऐकू येत राहिलं.
"माले काय इचारस, बेटा.
आते चावी तुनाजोडे शे."

काटा क्रमांक तीन अजून चालतो.
सकाळी सहाला बाया येऊन बसतील,
पदर नाकाला, बोटं आगीची.

मी नाव बदललं. तिन्ही ठिपके काढले,
लिहिलं: देठ.
मग साधा तारा टाकून पाहिला.
यादीत आलं ते,
दस्तुरी आणि नमुना यांच्या मधे,
कुणीही बोलावलं तरी येईल असं.

पुन्हा शिंक आली मला.